भरमाण्णाच्या गाडीतला वाळा

निपाणीच्या टॅक्सी स्टँडवर सकाळी सहाच्या सुमारास गेलात, तर ओळीनं उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये एकाच काळ्या अँबॅसिडरची चारही दारं सताड उघडी दिसायची. तिचा मालक आणि ड्रायव्हर भरमाण्णा कमरेत वाकून अर्धा आत, अर्धा बाहेर असायचा. डोळे मिटून तो गाडीचा वास घ्यायचा. आधी पुढच्या सीटचा, मग मागच्या, मग पायाखालच्या चटईचा. नवखा प्रवासी बॅग हातात धरून थबकायचा आणि विचारायचा, "काय हरवलंय का?"

"न्हाय, न्हाय," भरमाण्णा मान बाहेर काढून म्हणायचा. "काल कोनकोन बसून गेलं, त्येंचं काय मागं ऱ्हायलंय का, ते बघालोय."

माणूस उंच होता, जरासा पोक आलेला. अंगात खाकी शर्ट, खाली पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी. आणि नाक असं, की स्टँडवरची पोरं त्याला मागून नाकाड्या म्हणायची. ते त्याला ठाऊक होतं. "देवानं मला बॉनेट मोठं दिलंय," असं तो स्वतःच सांगायचा आणि वर हसायचा.

ही वास घ्यायची सवय आपल्याला माझ्यामुळे लागली, असं त्याचं म्हणणं होतं. मी ते उलटं सांगते. मी गेली कित्येक वर्षं बऱ्यापैकी श्वास घेत आले आहे, त्यात त्या सवयीचा मोठा वाटा आहे.

मला लहानपणापासून दमा. आमचं घर निपाणीच्या बौद्धवाड्यात. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. दिवसभर तंबाखू चाळायचा, निवडायचा, पोत्यांत भरायचा. संध्याकाळी ती घरी आली, की आधी तिचा वास यायचा आणि मग ती. लुगडं कितीही धुतलं तरी तो उग्र दर्प जायचा नाही. वडील बाजारात हमाली करायचे. अशा घरातली मी पोरगी शिकत शिकत मॅट्रिकच्या पुढं गेले आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मला बेळगावात शिक्षिकेच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळाला. राहायची सोय वसतिगृहात झाली. सोमवारी पहाटे जायचं आणि शनिवारी परत यायचं, असं ठरलं.

एसटीच्या सकाळच्या गाडीत तोबा गर्दी आणि विड्यांचा धूर. त्यात माझं काही खरं नव्हतं. म्हणून आईनं भरमाण्णाच्या टॅक्सीत जागा धरली. दर सोमवारी तो बेळगावच्या कोर्टात जाणारे एक वकीलसाहेब आणि तंबाखूचे एक व्यापारी यांना घेऊन जायचा. मागं दोन जागा रिकाम्या असायच्या. पहिल्या दिवशी माझी पेटी, वळकटी आणि मला पोचवायला आईसुद्धा आली.

त्या काळी भरमाण्णाच्या गाडीत समोरच्या फळीवर एक काचेची बाटली होती. आत लालभडक पाणी, तोंडात कापसाची वात. मुंबईहून आणलेली. गुलाबाचा म्हणून जो वास त्यातून सुटायचा, तो कुठल्याही गुलाबानं कधी आयुष्यात दिला नसेल. निपाणीची गाडी म्हणजे तंबाखूची ये-जा. सीटच्या आतपर्यंत तो दर्प मुरलेला. पैसेवाल्या गिऱ्हाइकांना तो नको असायचा, म्हणून ही बाटली.

गाडी निघाली. बाहेर भुरभुर पाऊस होता म्हणून काचा वर केलेल्या. पुढच्या सीटवर बसलेल्या व्यापाऱ्यांनी पाच मिनिटांतच नाकाला रुमाल लावला, मागं वळून आईकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "भरमाण्णा, आज बाटली जरा सैल सोड. लई वास माराय लागलाय."

वास तंबाखूचा आहे, असंच ते म्हणत होते. आईला मात्र त्यात आणखी काही ऐकू आलं असावं. तिनं पदर गच्च ओढून घेतला आणि दाराशी अंग चोरून बसली. भरमाण्णानं वात उपसून वर केली, शिवाय थोडं पाणी फडक्यावर ओतून ते फडकं समोर ठेवलं.

तवंदी घाट लागला तशी माझी छाती भरून आली. आधी खोकला, मग शिट्टीसारखा आवाज. मी तोंडावर पदर दाबला. इतक्या मोठ्या माणसांच्या गाडीत आपण बसलोय, आपल्यामुळे गाडी थांबायला नको, एवढंच डोक्यात. आईला सगळं कळत होतं. ती नुसती माझी पाठ चोळत होती आणि तीसुद्धा बोलत नव्हती. शेवटी शेजारचे वकीलसाहेबच ओरडले, "अरे थांबव! पोरगी निळी पडलीये!"

भरमाण्णानं गाडी घाटातच कडेला घेतली. मागचं दार उघडून त्यानं मला जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं आणि एका दगडावर बसवलं. पाऊस अंगावर पडत होता. मोकळी हवा लागल्यावर थोडा श्वास मिळाला, पण तेवढाच. मग सगळ्या काचा खाली करून, पावसाचे शिंतोडे आत घेत गाडी त्यानं संकेश्वरपर्यंत हाणली. पुढं बसलेले व्यापारी "मी भिजालोय रे" म्हणत होते. त्यानं वेग तेवढा वाढवला.

संकेश्वरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं छाती मोकळी झाली. डॉक्टरांनी माझ्या पदराचा वास घेतला आणि विचारलं, "हे कसलं अत्तर लावलंय?"

"अत्तर न्हाय," आई म्हणाली. "गाडीत हाय."

"बंद गाडीत एवढा जालीम वास? दमेकऱ्याला मारायला पुरे आहे हा."

दारात भरमाण्णा उभा होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो आत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि रागानंच म्हणाला, "घाट चढेपातूर गप का बसलीस? तोंड न्हवतं तुला?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"तरास हुतोय तर सांगायचं. गाडी माझी असंल पोरी, छाती तुझी हाय!"

असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. सोसायचं कसं हे सगळ्यांनी शिकवलं होतं.

बाहेर आल्यावर त्यानं समोरची बाटली काढली, पोत्यात गुंडाळली आणि डिकीत ठेवली. "वतून टाक की," वकीलसाहेब म्हणाले. भरमाण्णानं इकडंतिकडं बघितलं. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी ऊस. "कुठं वतू साहेब? वड्यात वतलं तर मासं मरत्यालं, शेतात वतलं तर ऊस." ती बाटली पुढं कित्येक वर्षं त्याच्या घरात माळ्यावर पडून होती. ती टाकायला योग्य अशी जागा त्याला शेवटपर्यंत सापडली नाही.

पुढच्या शनिवारी मी घरी आले, तेव्हा आईनं जाहीर केलं, की आता टॅक्सी नको. मेलीस तर एसटीत मर, निदान लोकांची बोलणी तरी नकोत. त्याच संध्याकाळी भरमाण्णा आमच्या दारात आला. आमच्या आळीत अशी माणसं सहसा येत नसत. आईनं चहा दिला. त्यानं कपाकडं बघितलं नाही, इकडंतिकडं बघितलं नाही, फुर्र फुर्र करत पिऊन टाकला आणि म्हणाला, "आक्का, पोरगी माझ्याच गाडीनं जाईल. मी गाडी नीट करतो. जरा दम धरा."

"आन् तुमच्या शेठला आमचा वास आला तर?" आईनं विचारलं.

भरमाण्णानं रिकामा कप खाली ठेवला. "त्येबी बघतो," म्हणाला.

ते त्यानं सोमवारी बघितलं. व्यापारी गाडीत बसले, बाटली नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी विचारलं. भरमाण्णानं डॉक्टरचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "मग हिला एसटीनं पाठव. मी काय तंबाखूचा वास घेत बसू दोन तास?"

"शेठ," भरमाण्णा अगदी शांतपणे म्हणाला, "तंबाखू तुमच्याच वखारीतला हाय. हिच्या आयच्या लुगड्याला लागतो, तुमच्या बंगल्याला लागतो. येकच वास."

व्यापारी खाली उतरले आणि दुसऱ्या टॅक्सीत जाऊन बसले. त्यांच्यामागून त्यांचे सोयरे, ओळखीचे, लग्नसराईतली भाडी, सगळंच गेलं. मला हे पुष्कळ पुढं कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं, की पुढची सीट रिकामी झाली आणि भरमाण्णानं मला तिथं बसायला सांगितलं. "हितं वारं चांगलं लागतंय."

यानंतरच्या वर्षभरात त्यानं जे उद्योग केले, ते आठवले की अजून हसू येतं. गाडीला वास तर चांगला पाहिजे, पण माझी छाती भरता कामा नये. पहिल्या सोमवारी त्यानं सीटखाली डांबरगोळ्या ठेवल्या. मी दार उघडताच शिंकले. गोळ्या बाहेर. दुसऱ्या सोमवारी उदबत्ती. "धूर आहे आण्णा," मी म्हटलं. "व्हय की गं, धूरच की हा," म्हणून त्यानं ती स्टँडवरच्या मारुतीसमोर नेऊन लावली. मग कापूर आला. मला ठसका लागला आणि त्याचं स्वतःचं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकत राहिलं. मग कुठून तरी केवड्याचं कणीस. केवड्यात साप असतो म्हणून वकीलसाहेब बेळगाव येईपर्यंत पाय वर घेऊन बसले.

"आता हे तर झाडाचं हाय की," भरमाण्णा कुरकुरला. "झाडाचं कसं काय बाधतंय?"

त्याचं उत्तर त्यानंच शोधून काढलं. महिन्याभरानं मी वसतिगृहातल्या मैत्रिणीला कसलासा झाडपाला औषध म्हणून घेताना बघितलं आणि गाडीत सहज बोलले, की झाडाचं असल्यामुळं अपाय तरी होणार नाही. तो एकदम म्हणाला, "झाडाचं हाय म्हणून चांगलं, असं कुटं लिवलंय? धोतराबी झाडालाच येतोय."

प्रत्येक नव्या प्रयोगाला मी त्याची तपासनीस. गाडीची दारं उघडी ठेवून तो मला आत बसवायचा, स्वतः बाहेर उभा राहून माझ्या चेहऱ्याकडं बघत राहायचा. "माझ्या नाकाला काय कळतंय? ते नुसतं मोठं हाय. तुझी छाती म्हंजे माझं मीटर."

सगळे उपाय हरल्यावर त्याला गुरू भेटली ती खानापुरात. एका भाड्यासाठी तो तिकडं गेला होता. रानाच्या कडेला भातशेती असलेली एक म्हातारी, ओढ्याच्या बांधावर वाळा लावायची आणि बाजारात मुळ्या विकायची. सगळे तिला आज्जी म्हणत. वाळ्याचा वास मंद, गार, थोडा मातीचा. भरमाण्णाला तो आवडला. "गाडीत लावाय पाहिजे," असं म्हणून त्यानं दोन जुड्या मागितल्या. म्हातारी गाडीजवळ आली, आत डोकावली आणि दोन पावलं मागं सरकली.

"घरात उंदीर मेला तर उदबत्ती लावतोस का उंदीर काढतोस?" तिनं विचारलं.

"उंदीर काढतो."

"मग आदी गाडी धू."

हा किस्सा भरमाण्णानं मला पुढच्या दहा वर्षांत पन्नास वेळा सांगितला असेल आणि दर वेळी "आदी गाडी धू" म्हणताना तो स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायचा.

त्या रविवारी त्यानं घरासमोर गाडी उघडी केली. मी आणि आई बघायला गेलो होतो. सीटा काढून उन्हात टाकल्या. आतला काथ्या झाडला तर तंबाखूची भुकटी ओंजळीनं निघाली. चटईखाली ओल धरून बुरशी आलेली. ती बघून भरमाण्णा हादरला. "आय्यय्यो! ह्येच्यावर मी मुंबईचं गुलाब शिपडालतो!" त्याच्या बायकोनं, शांताक्कानं, खायचा सोडा सीटांवर भुरभुरला आणि दुपारी झाडून काढला. आईनंही पदर खोचला आणि तळ घासायला घेतला. तंबाखू कुठं कुठं जाऊन बसतो हे तिच्याइतकं कुणाला कळणार? दाराच्या फटीतून, सीटच्या शिवणीतून तिनं केरसुणीच्या काडीनं तो उकरून काढला. संध्याकाळी शांताक्कानं जुन्या पातळाच्या पिशव्या शिवल्या, त्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा भरला आणि एकेक पिशवी सीटांखाली सारली. कोळसा वास ओढून घेतो, हेही त्या आज्जीनंच सांगितलेलं. दर रविवारी त्या पिशव्या उन्हात पडायच्या आणि सोमवारी परत गाडीत यायच्या.

सोमवारी मी आत बसले तर गाडीला कसलाच वास नव्हता. मी तसं सांगितलं तेव्हा त्याला आधी वाईट वाटलं. मग घाट चढून होईपर्यंत तो विचार करत राहिला आणि म्हणाला, "कसलाच वास न्हाय म्हंजे पास की न्हवं?"

वाळा आला तो त्यानंतर. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब जुडी, दोऱ्यानं बांधलेली, मागच्या खिडकीशी टांगलेली. उन्हाळ्यात निघायच्या आधी तो तिच्यावर पाण्याचा हात मारायचा. वारं आत आलं की वास यायचा, वारं थांबलं की जायचा. मला त्याचा कधी त्रास झाला नाही. तरी पहिला महिनाभर तो दर पाच मैलांनी विचारायचा, "हाय का न्हाय दम?" आणि कुणीही नवा माणूस बसला की आधी प्रश्न, "वास चालतो का? न चालंल तर काडून ठेवतो." कुणी नको म्हटलं की जुडी निमूटपणे डिकीत. एका बाळंतिणीला तो वास सोसवत नव्हता, तर बेळगावहून निपाणीपर्यंत सगळा वाळा डिकीत बसून आला.

जुडीचा वास विरला की तो खानापूरला जायचा. आज्जी त्याला ठोंबाच्या एकाच बाजूनं खणू द्यायची आणि उरलेला ठोंब पुन्हा मातीत दाबायला लावायची. एकदा घाईत त्यानं अख्खा ठोंब उपटला, तर म्हातारीनं काठी उगारली. "आता तो बांध पावसात वाहून गेला तर तुझी गाडी आडवी लावतोस का?" तेव्हापासून त्यानं दोन ठोंब घरी आणले, विहिरीच्या कडेला लावले आणि स्टँडवरच्या ज्याला पाहिजे त्याला मुळ्या दिल्या. हळूहळू आणखी तीन-चार गाड्यांत वाळा दिसायला लागला. एक पोक्त ड्रायव्हर मला म्हणाला, "तुमच्या भरमाण्णानं आम्हाला गाड्या धुवाय लावल्या बगा. वासाचं नुसतं निमित."

माझं ट्रेनिंग झालं, बेळगावच्या एका शाळेत नोकरी लागली. भरमाण्णा मला "बाई" म्हणायला लागला. आधी थट्टेनं आणि मग खरोखरच.

पण आता जे सांगणार आहे, ते सांगितल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

बेळगावजवळच्या कंग्राळीचं एक स्थळ आलं होतं. घर शेतीवाडीचं, मुलगा नोकरीत. बोलणी करायला आई, मामा आणि मी भरमाण्णाच्या गाडीनं निघालो. काकतीच्या अलीकडे एका झाडाखाली त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"आक्का, पोरीच्या दम्याचं त्येंस्नी सांगितलंय न्हवं?"

आई चपापली. "लगीन झाल्यावर कळंलच की. आदी सांगितलं तर कोन करून घेनार?"

भरमाण्णानं स्टिअरिंगवरचे हात काढले. "माझ्या गाडीत मी बाटली ठेवलती. वास गेला न्हवता, नुस्ता दबला हुता. त्यात पोरीचा जीव जात हुता. आता तुम्हीबी तीच बाटली घेऊन निघालाय."

"तुमच्या पोटची असती तर असं बोलला असता?" आईचा आवाज चढला.

"माझ्या पोटची असती तर सांगितल्याबिगर निपाणीतनं गाडीच काडली नसती." मग तो नरमला. "चला म्हनशिला तर चलतो. मी डायवर. पन येकदा तिला तर इचारा. उद्या चुलीम्होरं तीच बसनार हाय."

आईनं मला विचारलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मीच म्हटलं, "मी सांगते."

आणि मी सांगितलं. पोह्यांच्या बशा हातात असताना, सगळ्यांसमोर. ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी चहा दिला, दारापर्यंत पोचवलं. आठ दिवसांनी नकाराचं पत्र आलं.

आईनं भरमाण्णाशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसला तर ती वाट बदलायची. मला त्याचा राग आला नाही असं म्हटलं, तर ते खोटं होईल. कितीतरी दिवस मी एसटीनं जाऊन-येऊन केलं, धूर खात. तोही समोर आला नाही. मात्र माझ्या एसटीच्या कंडक्टरनं एकदा मला सांगितलं, "बाई, तुम्हाला खिडकीची जागा द्या म्हणून तो टॅक्सीवाला दर सोमवारी येऊन सांगून जातोय."

दीड वर्षानं मच्छे गावचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या कारखान्यात लेथवर कामाला. यावेळी बोलणी सुरू व्हायच्या आधीच मी सांगून टाकलं. त्याच्या आईनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "म्हंजे हिला धुरात बसवायची न्हाय व्हय? मग भाकरी कोन थापनार?"

"मी थापतो," मुलगा म्हणाला. सगळे हसले. लग्नानंतर त्यानं खरंच थापल्या. त्या गोल व्हायला वर्ष लागलं. आणि सासूबाईंनी लग्नाच्या आधीच गवंडी बोलावून स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली.

पत्रिका छापून आल्यावर पहिली पत्रिका घेऊन आई एकटीच भरमाण्णाच्या घरी गेली. काय बोलणं झालं हे शांताक्काकडून कळलं. आई दारातच उभी राहून म्हणाली, "गाडी तुमचीच पाहिजे."

"नवरीची गाडी म्हंजे सजवाय पाहिजे," भरमाण्णा म्हणाला. "वास कुटला लावू?"

"कुटलाच नको. काचा तेवढ्या खाली ठेवा."

दोघंही मग हसले म्हणे. आणि आईनं त्या घरी पहिल्यांदाच चहा घेतला.

पुढं भरमाण्णाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नाही. त्यानं गाडी विकली. तोवर टॅक्सींमध्ये रंगीत प्लास्टिकच्या डब्या आल्या होत्या. आत जेलीसारखं काहीतरी, वास त्या जुन्या गुलाबाच्या भावकीतलाच. मी कुठल्याही गाडीत बसले की आधी काच खाली करते आणि ती डबी काढून ठेवायची विनंती करते. काही ड्रायव्हर तोंड वाकडं करतात, बरेचसे करत नाहीत. "माझ्याबी डोस्क्यात जातोय तो वास," असं दोघा-तिघांनी मला सांगितलं आहे. त्यांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाशेवटाला एका रविवारी मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन त्याच्या घरी गेले. तो अंगणात खाटेवर बसला होता. मला आवाजावरून ओळखलं. मुलीला जवळ घेऊन त्यानं तिच्या पाठीला कान लावला, बराच वेळ. "हिची मशीन चांगली हाय," म्हणाला.

मी वाटेत ठरवून गेले होते. वर्षानुवर्षं मुलांना शिकवणारी बाई मी, पण हे शब्द वाटेत पुन्हा पुन्हा घोकले होते. म्हटलं, "आण्णा, त्या दिवशी घाटात तुम्ही गाडी थांबवलीत. शेठला सोडलंत. काकतीला आमच्या आईचा राग ओढवून घेतलात. मला तोंड आहे हे तुम्ही सांगितलंत. माझं शिक्षण, नोकरी, घर, सगळ्यात तुम्ही आहात. हे तुम्हाला सांगायला आलेय."

तो अवघडला. टोपी काढली, परत घातली. मग आत तोंड करून ओरडला, "शांते, बाई आलीया. च्या ठेव. पोरीला दूध." आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "दवाखान्यात कधी गेलतीस?"

"तीन वर्षं झाली, गेले नाही."

"तीन?" त्यानं बोटं मोजली. त्याचा चेहरा उजळला. "मग झालं की."

त्यानंतर आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोललो. पावसाच्या, शाळेच्या, त्याच्या नातवाच्या.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. मला निरोप चार दिवस उशिरा, शाळेत मिळाला. मी वर्ग घेत होते. पोरांना गणित घालून दिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, पण त्याच्याआधी एक वेगळीच निश्चिंती वाटली. पुष्कळांच्या आयुष्यात एखाद्याला दोन शब्द सांगायचे राहून जातात आणि मग ते जन्मभर बोचत राहतं. माझं तसं झालं नव्हतं. मी ते शब्द त्याच्या अंगणात, त्याच्या तोंडावर, तो अवघडून टोपी काढत-घालत असताना, पुरते बोलून आले होते.